आधी कोणता पाय?

परवा भाची म्हणाली, मावशी तू जिना उतरताना दरवेळी डावाच पाय आधी टाकतेस. झालं, तेव्हापासून माझं नीट चालणंच बंद झालंय, प्रत्येक पायरीपाशी थबकते. सलवार घालताना पण आधी डावाच जातो म्हणजे सगळा भार उजव्यावर, आणि मुद्दाम उलटं करून बघितलं तर कपाटाचं हँडल धरायची वेळ आली.

पण बॉल मारायचा तर उजवा पायच पुढे येतो. आणि लंगडी? लहानपणी बिल्डिंगखाली लंगडी घालायचो तेव्हा मी उजवा पाय उचलून डाव्यावर उड्या मारायचे, उचललेला टेकला की बाद, त्यामुळे डाव्याने कधी दगा देऊन चालायचंच नाही. खरं तर बॉलला लाथ मारताना पण सगळं अंग तोलून धरतो तो डावाच. 1986 ला मॅराडोनाने इंग्लंडच्या अर्ध्या टीमला चकवून डाव्या पायाने गोल मारला, अजून त्याच डाव्याचं कौतुक चालू आहे, त्या उजव्याला कोणी विचारत नाही, बिचारा त्याच्यावरच तर सगळा तोल होता.

सवयीचा पण भाग आहेच म्हणा. काकांची जुनी बुलेट होती, तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला, आताच्या गाड्यांच्या बरोब्बर उलटं. बाबांनी एकदा हौसेने चालवायला घेतली आणि ब्रेक म्हणून गिअर दाबला, समोर मेंदीचं कुंपण होतं म्हणून थोडक्यात निभावलं.

आमच्याकडे सगळा मान मात्र उजव्याला. माझ्या गृहप्रवेशाला उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, अंगावर जड शालू, मागून चार बायका एकदम ओरडतायत उजवा गं उजवा, आणि मी बरोबर उजवाच उचलला होता पण त्या गोंधळात वाटलं की चुकलं बहुतेक, म्हणून ऐनवेळी पाय बदलला आणि डाव्याने माप असं काही उडालं की तांदूळ थेट चपलांच्या रॅकपर्यंत. दोन सेकंद सगळे गप्प. मग सासूबाई म्हणाल्या, "सांडलं ना? झालं तर मग, ये आत."

दिवाळीच्या साफसफाईत त्या रॅकखालून अजून एखादा दाणा निघतो, मी गुपचूप केरसुणीने पुढे ढकलते.