अहिराणी गाण्यांची नोंदवही: स्लो मोशनमधे गातंय कोण?

तर मंडळी, खानदेशातल्या अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ शॉट शॉट बघून मी एक नोंदवही भरतोय, त्यातलं रंगांचं काम तात्पुरतं बाजूला ठेवलंय. गाण्यातला हिरवा किती खरा आणि किती प्रीसेट (एडिटिंगमधली तयार रंगसेटिंग) टाकून आणलेला हे यूट्यूबवरच्या कॉपीवरून सांगायला गेलं की कॉम्प्रेशन (फाइल लहान करताना चित्र बिघडणं) मधे येतं आणि नुसता वाद होतो, त्यात मजा नाही. सध्या एकच कॉलम भरतोय, वेग. म्हणजे शॉट नॉर्मल स्पीडचा की स्लो, स्लो असेल तर खरा की एडिटिंगला ओढलेला, आणि त्या शॉटमधे ओठ हलतायत का. बास.

कुणाला करून बघायचं असेल तर सोपं आहे. कॉम्प्युटरवर यूट्यूब पॉज करा आणि कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबत जा, एकेक फ्रेम पुढे जाते, स्वल्पविरामाने मागे येते. सेकंदाला 50 फ्रेमने शूट करून 25 वर चालवलेला शॉट असेल तर प्रत्येक दाबाला काहीतरी सरकतं. 25 नेच शूट करून नंतर अर्ध्या स्पीडवर ओढलेला असेल तर तीच फ्रेम दोनदा येते, एकदा दाबलं की काहीच हलत नाही, परत दाबलं की हलतं. तिसरा प्रकार म्हणजे सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने बनवलेल्या, आणि हा ओळखायला झुमक्यासारखी वस्तू नाही. तापीकाठी शूट केलेलं एक गाणं आहे, त्यात पोरगी मान वळवते आणि झुमका गालासमोरून जातो, तिथे फ्रेम फ्रेम बघा. एका फ्रेममधे खालचे तिन्ही मणी स्वच्छ, पुढच्या फ्रेममधे दोन मणी आणि एक डाग, त्याच्या पुढे झुमक्याची कड गालातच विरघळलेली, आणि मग परत तीन मणी जागेवर. नॉर्मल स्पीडला डोळ्याला हे कळत नाही, फक्त काहीतरी जास्तच गुळगुळीत आहे एवढं वाटतं.

आता मुद्द्याचं. इतकी गाणी बारीक बघितल्यावर एक गोष्ट सारखी सारखी दिसायला लागली: मी पाहिलेल्या बहुतेक गाण्यांमधे स्लो मोशनमधे कुणी गातच नाही. हिरो ओळ म्हणतो ती नॉर्मल स्पीडला, कमरेपासून वर, कॅमेरा जवळजवळ स्थिर. पोरगी येते ती स्लोमधे, चालतेय, केस मागे टाकतेय, बांधावरून ओढणी सावरतेय, आणि तोंड बंद. तिच्या आवाजातलं कडवं असलं तरी त्यातल्या अर्ध्या ओळींवर ती नुसती चालताना दिसते. म्हणजे गाण्यात दोन वेग चालू आहेत, गाणाऱ्याचा वेगळा आणि बघितली जाणारीचा वेगळा. गावरान हिरोईन, केळीचा बाग, बुलेट या सगळ्याचा अर्थ काढत बसण्यापेक्षा मला ही एक गोष्ट जास्त बोलकी वाटते.

यात दिग्दर्शकाने काही थोर विचार केला असेल असं मात्र मला वाटत नाही. शिरपूरकडचा एक कॅमेरावाला मित्र आहे, लग्नं करतो आणि सीझन संपला की गाण्यांचं शूट घेतो, त्याला विचारलं की हिरोईनला स्लोमधे गायला का लावत नाही, तर म्हणे "लगीनमा नवरी गास का रे भो?" आणि हसला. पण उत्तर त्यातच आहे. आपल्याकडचे कॅमेरे, गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा), ड्रोन आणि ते धरणारे हात लग्नातून आलेत, प्रीवेडिंगमधे जोडी चालते, वळते, बघते, बोलत कुणीच नाही कारण वरून कुठलंही गाणं टाकायचं असतं. तीच सवय अहिराणी गाण्यात आली. ड्रोनने जोडीभोवती गोल फिरण्याचा शॉट पण तिथलाच, त्यावर जास्त लिहीत नाही, कंटाळा आलाय त्या शॉटचा.

खटकतं ते आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या गाण्यांमधे. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी झोक्यावर बसून स्वतः गातात, गाणं त्यांचंच असतं. आणि व्हिडिओत झोका घेतलाय स्लो मोशनमधे पाठीमागून, नाहीतर नुसते पाय आणि पैंजण. दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला बोलू. पण गाणारीचं तोंडच फ्रेमबाहेर.

स्लोमधे गाता येतच नाही असं पण नाही. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचं यलो, 2000 सालचं, बऱ्याच जणांनी बघितलं असेल. इंग्लंडमधल्या स्टडलंड बे नावाच्या किनाऱ्यावर गायक एकटा चालत येतो, सगळं एका शॉटमधे. शूट 50 फ्रेमने केलं आणि चालताना गाणं दुप्पट स्पीडने वाजवलं, तो पण दुप्पट स्पीडने ओठ हलवत गेला. 25 वर चालवलं की ओठ गाण्याबरोबर, आणि लाटा, केस, पावलं सगळं अर्ध्या वेगाने.

हे घरी करून बघितलं. फोन 60 फ्रेमवर, एडिटिंगची टाइमलाइन 30 ची, ब्लूटूथ स्पीकरवर गाणं दुप्पट स्पीडला आणि मावसबहीण केळीच्या बागेत उभी. पहिलं कडवं ऐकून तिचा चेहराच उतरला, "दादा, इतलं पटपट कसं म्हनू?" शब्द पाठ करून घेतले मग जमलं. लांब स्वर असलेल्या ओळी झकास बसतात. गडबड होते प, ब, म मधे, कारण त्याला ओठ पूर्ण मिटावे लागतात आणि दुप्पट स्पीडला माणूस अर्धवट मिटून पुढे जातो, ते स्लोमधे लगेच पकडलं जातं. तर ज्या ओळीत ही अक्षरं गर्दीने आहेत ती नॉर्मल स्पीडलाच ठेवा.

पण जिथे जमलं तिथला फरक बघण्यासारखा आहे. पापणी सावकाश मिटते, मागचं पान जड होऊन हलतं, आणि ती मात्र गाण्याबरोबर आहे, कॅमेऱ्यात बघून बोलतेय. तीच बाग, तीच ओढणी, तोच फोन, पण आता आपण तिला न्याहाळतोय असं वाटत नाही, तीच आपल्याला थांबवून काहीतरी सांगतेय असं वाटतं. खर्च शून्य. कॅमेरावाल्या मित्राला क्लिप पाठवली, तो म्हणाला पुढच्या शूटला एक ओळ अशी घेऊन बघतो, बघू घेतो का ते.

पुढचं काम रेल्वेचं. दिग्दर्शक मिशेल गोंद्रीने 2002 मधे केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्या जोडीच्या स्टार गिटार या गाण्याच्या व्हिडिओसाठी ट्रेनच्या खिडकीतून दिसणाऱ्या वस्तू तालावर बसवल्या, ठोका पडला की खांब, दुसरा आवाज आला की इमारत. दक्षिण फ्रान्समधे नीम ते व्हॅलॉन्स शूट केलं, आणि त्याआधी रचना समजून घ्यायला घरात संत्री, काटेचमचे, ग्लास, बूट ओळीने मांडून बघितले होते. आपल्याला एवढं कॉम्पोझिटिंग (वेगवेगळी चित्रं कॉम्प्युटरवर एकत्र जोडणं) झेपणार नाही, पण जळगाव-भुसावळ लाइनवर एक फुकटचा ताल आहे. विजेच्या तारांचे खांब सरळ रुळावर साधारण 60-70 मीटरवर असतात. गाडी ताशी 100 किलोमीटरने असेल तर सेकंदाला 27.8 मीटर, म्हणजे 2.4 सेकंदात जवळपास 67 मीटर. आणि 100 बीपीएमच्या (मिनिटाला 100 ठोके) गाण्यात चार ठोक्यांचं एक आवर्तन बरोबर 2.4 सेकंदाचं! म्हणजे दर समेला एक खांब. केळीच्या ओळींचा हिशेब पण केला होता पण त्या एवढ्या जवळ जवळ असतात की सेकंदाला दहा-पंधरा जातात, तो ताल नाही राहत, नुसती थरथर.

अडचण एवढीच की गाडीचा स्पीड एकसारखा राहत नाही आणि भुसावळ जवळ आलं की सिग्नलला रखडते. जीपीएसवर स्पीड बघत बघत सरळ पट्ट्यातले दोन-तीन मिनिटं मिळाले तरी एक कडवं निघेल. कुणी त्या लाइनवर रोज अपडाउन करत असेल तर सांगा, कोणती गाडी तिथे न थांबता एका वेगाने जाते आणि खिडकी कोणत्या बाजूची धरू, सकाळी ऊन कॅमेऱ्यात यायला नको.