जुन्या फोरेज हार्वेस्टरसाठी मक्याचे हेडर निवडताना

माझे मेहुणे गुजरातेत वडोदरा जिल्ह्यातील वाघोडिया आणि सावली तालुक्यांतील दूध उत्पादकांना मूरघासासाठी, म्हणजे खड्ड्यात दाबून मुरवायच्या हिरव्या चाऱ्यासाठी, मका कापून देण्याचे काम करतात. त्यांचा स्वयंचलित फोरेज हार्वेस्टर, म्हणजे उभा चारा कापून त्याची कुट्टी करणारे यंत्र, परदेशातून वापरलेला म्हणून आणलेला आहे. त्याचे इंजिन आणि कुट्टी करणारा पात्यांचा ड्रम अजून उत्तम चालतो, पण पुढचे साखळ्यांचे हेडर, म्हणजे उभे पीक कापून यंत्रात नेणारा भाग, दुरुस्तीपलीकडे गेले आहे. बदली हेडरचा विषय निघाला की पहिला प्रश्न रुंदीचा विचारला जातो. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा.

आधी शेतातील ओळी पाहाव्यात. जुनी साखळ्यांची हेडरे ओळीवर अवलंबून असतात, म्हणजे दोन टोकांमधील फटीत मक्याची ओळ बरोबर शिरली तरच साखळ्या ताटे धरून आत नेतात. युरोप-अमेरिकेत ही फट साधारण ७५ सेंटिमीटरच्या हिशोबाने ठेवलेली असते. गुजरातेत दाण्याच्या मक्याच्या ओळी ६० सेंटिमीटरवर असतात, चाऱ्याचा मका ३० सेंटिमीटरवरही पेरतात आणि काही शेतकरी तर बी सरळ फेकतात. अशा शेतात ७५ सेंटिमीटरचे हेडर घातले तर प्रत्येक फेरीत एखादी ओळ आडवी पडणारच, आणि श्रावणातील पावसाने मका लोळला असेल तर नुकसान आणखी वाढते. म्हणून ओळींचे बंधन नसलेले रोटरी हेडर घ्यावे, याबद्दल मला शंका वाटत नाही. जर्मनीतील केम्पर कंपनी अशा हेडरांसाठीच ओळखली जाते. तीन मीटरच्या आणि साडेचार मीटरच्या तिच्या जुन्या हेडरांची खरेदी-विक्री आजही होते.

रोटरी हेडरमध्ये खाली वेगाने फिरणारी दातेरी पाती ताट तोडतात, त्यांच्यावरचे सावकाश फिरणारे बोटांचे ड्रम ते उभेच धरून मध्यभागी आणतात, आणि तेथून ते बुडख्याकडून फीड रोलरमध्ये, म्हणजे ताटे आत ओढून कुट्टीच्या ड्रमाकडे देणाऱ्या रुळांत, जाते. येथे दोन वेगवेगळ्या गती सांभाळाव्या लागतात. ताटाला पलीकडून कसलाच आधार नसल्यामुळे पात्यांची गती मोठीच हवी; ती घसरली तर ताट कापले न जाता चिरफाळते आणि बुडखे फाटके राहतात. बोटांच्या ड्रमांची गती मात्र फीड रोलरशी जुळायला हवी. दहा-बारा मिलिमीटरची बारीक कुट्टी करायची तर रोलर सावकाश फिरतात. त्या वेळी ड्रम जोरात फिरत राहिले तर ताटे तोंडाशी कोंबली जातात, आडवी होतात आणि कुट्टीत लांब तुकडे दिसू लागतात. असे लांब तुकडे खड्ड्यात नीट दबत नाहीत, आत हवा राहते आणि मूरघास बिघडतो. नव्या यंत्रांत हेडरची गती चालकाला बसल्या जागी कमीजास्त करता येते. जुन्या यंत्रांत ती गिअरच्या ठरावीक पायऱ्यांवर चालते. त्यामुळे विकणाऱ्याला सर्वप्रथम विचारायचे ते हेडरच्या गिअरबॉक्सचे गुणोत्तर, आणि आपल्या यंत्राच्या शाफ्टचे फेरे व फिरण्याची दिशा त्याच्याशी जुळते का, हे. ‘लागून जाईल’ या उत्तरावर पैसे मोजू नयेत.

हेडर यंत्राला जोडणारी चौकट वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत करून घेता येईल. तेथील कारागिरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त एक गोष्ट त्यांना आधी सांगावी लागेल. फीड रोलरमध्ये धातूचा तुकडा आला की यंत्र थांबवणारा धातुशोधक असल्यास त्याच्या आसपासचे भाग मुद्दाम अचुंबकीय स्टीलचे केलेले असतात. तेथे साधे लोखंड वापरले आणि ते हलत राहिले तर यंत्र विनाकारण थांबत राहील.

आता रुंदी. ओळी ६० सेंटिमीटरच्या असतील तर तीन मीटरमध्ये बरोबर पाच ओळी बसतात. साडेचार मीटरमध्ये सात बसतात आणि तीस सेंटिमीटर रिकामे जातात. हेक्टरी ४० टन हिरवा मका आणि ताशी पाच किलोमीटरचा वेग धरला, तर तीन मीटरचे हेडर तासाला दीड हेक्टर, म्हणजे ६० टन कापते. चार टनांची ट्रॉली धरली तर दर चार मिनिटांनी एक ट्रॉली भरणार. तेवढ्या ट्रॉल्या शेत आणि खड्डा यांच्यामध्ये फिरवणे आणि आलेला माल त्याच गतीने ट्रॅक्टरने दाबत राहणे, यातच मेहुण्यांची माणसे थकून जातात. मग अधिक रुंदीचा उपयोग काय? शिवाय साडेचार मीटरचे हेडर दोन टनांच्या आसपास भरते, तेव्हा जुन्या पुढच्या आसाचा आणि उचलणाऱ्या सिलिंडरांचाही विचार करावा लागतो. आमच्याकडची लहान शेते आणि गाडीवाटा पाहता मी तीन मीटरच घ्यायला सांगितले आहे. मेहुण्यांना ते फारसे रुचलेले नाही, कारण मोठे हेडर गावात दिसायलाही मोठे दिसते.

वापरलेले हेडर तपासताना रंगाकडे पाहू नये. गिअरबॉक्सचे तेल काढून पाहावे. ते दुधाळ असेल तर आत पाणी गेलेले आहे. बोटांचे ड्रम हाताने हलवून त्यांच्यात ढिलाई आहे का, हे पाहावे. फार दिवस उभ्या असलेल्या हेडरचे स्लिप क्लच, म्हणजे जास्त भार आला की घसरून गिअर वाचवणारे क्लच, गंजून चिकटतात आणि मग दगड लागला की धक्का थेट गिअरपर्यंत पोहोचतो, म्हणून ते सोडवून, साफ करून, पुन्हा ताण देऊन घ्यावेत. पाती आणि ड्रम साफ करणाऱ्या पट्ट्या झिजणारच असतात. त्यांचा एक जादा संच हेडरबरोबरच मागवायला मी सांगितला आहे, कारण रब्बीचा मका मूरघासाला आल्यावर त्या सुट्या भागांसाठी थांबायला वेळ मिळत नाही.