वारस नोंद, इसवी सनपूर्व 522

डिसेंबर 2013 ते फेब्रुवारी 2014 या काळात प्राचीन इराणचा सम्राट सायरस याचा मातीचा लेख लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला होता. प्रेक्षकांना माहिती सांगण्याचं काम मी तेव्हा करत होते. भाजलेल्या मातीची, मध्ये फुगीर अशी ती नळी जेमतेम वीतभर लांब. 1879 साली बाबिलोनच्या उत्खननात ती सापडली. बहुतेकजण येत ते ‘जगातला पहिला मानवी हक्कांचा जाहीरनामा’ बघायला. मला ते वर्णन कधीच पटलं नाही. बाबिलोन जिंकल्यावर तिथल्या मर्दुक देवाचं नाव घेऊन, तिथल्याच जुन्या राजांच्या धाटणीत लिहून घेतलेला तो लेख आहे, आणि तेवढाही पुरेसा थोर आहे. माझं लक्ष नेहमी विसाव्या-एकविसाव्या ओळीवर असे. तिथे सायरस स्वतःची वंशावळ सांगतो.

एका दुपारी सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त तलाठी आले होते. बरोबर सून आणि नातू. नातवाला शाळेतून प्रकल्प दिला होता, म्हणून सूनबाईंनी मला थांबवलं. मी ओळी सांगितल्या : मी सायरस, कंबुजियाचा मुलगा, सायरसचा नातू, चिश्पिशचा वंशज. आणि या प्रत्येकाला ‘महान राजा, अन्शानचा राजा’ असं म्हटलं आहे. नातवाने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “पुस्तकात तर हखामनिशी घराणं असं आहे. मग हखामनिश कुठंय?”

मी सांगितलं की या लेखात ते नावच नाही. ते पहिल्यांदा ठळकपणे येतं नंतरचा इराणी राजा दरायस याच्या, पश्चिम इराणातल्या बेहिस्तून इथल्या शिलालेखात, सायरसच्या मृत्यूनंतर दहाएक वर्षांनी. मग वहीचं कोरं पान घेऊन दरायसची वंशावळ शेजारी मांडली : दरायसचा बाप विश्तास्प, त्याचा अर्शाम, त्याचा अरियारम्न, त्याचा चिश्पिश, त्याचा हखामनिश.

तोवर मागे हात बांधून उभे असलेले आजोबा पुढे आले. चष्मा लावून त्यांनी दोन्ही रांगा वाचल्या, दोनदा.

“मॅडम, हा दरायस सायरसचा कोण?”

“त्याच्या म्हणण्याप्रमाणे लांबचा भाऊबंद. चिश्पिशपाशी दोन्ही शाखा मिळतात.”

“त्याच्या म्हणण्याप्रमाणे,” ते म्हणाले. “सायरसच्या बाजूने कुणी हे म्हटलंय का?”

नाही म्हटलेलं. सायरसने अरियारम्न किंवा अर्शामचं नाव कुठेही घेतलेलं नाही. तसं सांगितल्यावर त्यांनी सुनेला बसायला सांगितलं आणि माझी जवळजवळ चौकशीच सुरू केली. आयुष्यभर सहा-क ची वारस नोंदवही लिहिलेला माणूस. गावोगावच्या भाऊबंदकीत कोण कुणाचा चुलत हे जबाब घेऊन ठरवण्यात त्यांची नोकरी गेली होती. वंशावळ ही त्यांच्या लेखी दाव्यातली पहिली पायरी होती, जी तपासायचीच असते.

“गादी आली कशी याच्याकडे?”

सायरस इसवी सनपूर्व 530 मध्ये गेला. मुलगा दुसरा कंबुजिय इजिप्त जिंकून परतताना 522 मध्ये वारला. धाकटा बर्दिया त्याआधीच राज्य बळकावून बसला होता. दरायस म्हणतो, तो खरा बर्दिया नव्हेच, गौमात नावाचा तोतया होता, खऱ्या बर्दियाला भावानेच गुपचूप मारलं होतं. दरायसने सहा साथीदारांसह त्याला ठार केलं आणि स्वतः राजा झाला.

“म्हणजे सरळ वारस संपले, आणि संपले हे सांगणाराही हाच.”

मी मान डोलावली. अनेक अभ्यासकांना हीच शंका आहे, हे मी त्यांना सांगितलं. मारला गेलेला माणूस सायरसचा खरा मुलगाच असावा, असं मानणारे पुष्कळ आहेत.

मग त्यांनी दरायसची रांग बोटाने खालून वर मोजली. बेहिस्तूनला दरायस म्हणतो, माझ्या कुळातले आठजण आधी राजे होते, मी नववा. हे मी सांगितल्यावर ते आकडा जुळवू लागले. हखामनिश, चिश्पिश, पहिला सायरस, पहिला कंबुजिय, दुसरा सायरस, दुसरा कंबुजिय. सहा. आठ करायचे तर अरियारम्न आणि अर्शाम यांनाही राजे धरावं लागतं.

“अर्शाम कधी वारला?”

हा प्रश्न मला त्याआधी कुणीही विचारला नव्हता. दरायसच्या सूसा इथल्या लेखात स्पष्ट म्हटलं आहे की तो राजा झाला तेव्हा बाप विश्तास्प आणि आजा अर्शाम दोघंही हयात होते. विश्तास्प पार्थियात होता, मुलाच्या बाजूने लढला, पण त्याला राजा कुठेच म्हटलेलं नाही. आजोबांनी चष्मा काढला.

“मूळ धारक हयात असताना नातवाचं नाव लावता येत नाही. अर्शाम राजा होता, तर त्याचं राज्य त्याच्याकडून गेलं कसं? आणि राजा नव्हता, तर आठ भरत नाहीत. मंडल अधिकाऱ्यापुढे ही नोंद टिकली नसती.”

मी हा विषय शिकले तो पुस्तकांतून, आणि पुस्तकांत हीच शंका पल्लेदार वाक्यांत, दहा संदर्भांसह येते. त्यांनी ती उभ्या उभ्या, एका तारखेवर बोट ठेवून मांडली. माझ्या अंगावर खरोखर काटा आला.

“सायरसची रांग तरी खरी कशावरून?” त्यांनी पुढे विचारलं. “तोही आपलंच सांगतोय.”

रास्त प्रश्न. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तर सायरसच्या बापाला, पहिल्या कंबुजियाला, राजा मानतच नाही. चांगल्या घराण्यातला शांत स्वभावाचा इराणी गृहस्थ, एवढंच म्हणतो. पण एक पुरावा आहे, आणि तो सांगताना माझा आवाज नेहमी थोडा चढतो. 1933 मध्ये दरायसची राजधानी पर्सेपोलिस, तिथल्या तटबंदीत मातीच्या हजारो पाट्यांचं दप्तर सापडलं. धान्य, दारू, जनावरं कुणाला किती दिली त्याच्या एलामी भाषेतल्या नोंदी, दरायसच्याच कारकिर्दीतल्या. त्यांतल्या मोजक्या पाट्या राजासाठी खर्ची पडलेल्या मालाच्या आहेत आणि त्यांच्यावर एका जुन्या शिक्क्याचा ठसा आहे. घोडेस्वार भाल्याने शत्रूला भोसकतो आहे, दोन शत्रू आधीच आडवे पडले आहेत. अक्षरं : अन्शानचा कुरुश, म्हणजे सायरस, चिश्पिशचा मुलगा. बहुतेक अभ्यासकांच्या मते हाच सायरसचा आजोबा.

“हखामनिश?”

“नाही.”

“राजा असं लिहिलंय?”

“तेही नाही. फक्त अन्शानचा.”

ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “एक बाप-लेक तरी सिद्ध झाले. आणि तेही दरायसच्याच दप्तरातून. याहून चांगला साक्षीदार मिळत नाही.”

त्या शिक्क्याचं मोल मला इतक्या नेमकेपणाने कुणी समजावलं नव्हतं. सायरसच्या आधीच्या राजांबद्दल आपल्या हाती जे आहे ते जवळजवळ सगळं नंतरच्यांनी आपापल्या गरजेपोटी सांगितलेलं आहे. हा ठसा मात्र वंश सिद्ध करायला उमटवलेला नाही. एका कारकुनाने माल दिल्याची खूण म्हणून तो दाबला.

पुढे सायरसची राजधानी पसर्गदाई, तिचा विषय निघाला. तिथल्या सायरसच्या राजवाड्यावर ‘मी कुरुश राजा, हखामनिशी’ असा लेख आहे. तो दरायसने मागाहून कोरवला असं बरेचजण मानतात, कारण जुन्या फारसीची ती लिपी वापरात आली ती दरायसच्या काळात. आजोबांनी फक्त मान हलवली. मयताच्या नावाचे जबाब त्यांनी पाहिले असणार.

“गाव कुठलं म्हणालात? अन्शान? ते सापडलं का?”

सापडलं. शिराझच्या वायव्येला तल-ए-मल्यान नावाची टेकाडं आहेत. 1970 च्या दशकात तिथल्या लेख असलेल्या विटांवरून ते अन्शान म्हणून ओळखलं गेलं. हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला. गाव निश्चित झाल्याशिवाय त्यांना बहुधा चैन पडलं नसतं.

निघताना नातवाने विचारलं की मग लोकांनी दरायसला राजा मानलं कसं. मी सांगितलं की पहिल्याच वर्षात बाबिलोन, मीडिया, एलाम असे कितीतरी प्रदेश उठले आणि ती बंडं त्याला मोडून काढावी लागली. शिवाय त्याने सायरसच्या मुली अतोसा आणि अर्तिस्तोने यांच्याशी लग्नं केली, बर्दियाची मुलगी पार्मिस हिच्याशीही. पुढचा राजा झाला अतोसाचा मुलगा, खशयार्शा, ज्याला ग्रीक झर्कसीस म्हणत.

“हां,” आजोबा म्हणाले, “मग झर्कसीसच्या नोंदीला हरकत नाही. आईकडून तो सायरसचा नातूच आहे.” आणि वहीच्या पानावर, अतोसाच्या नावाखाली, त्यांनी स्वतःच्या हाताने एक रेघ ओढून ते नाव लिहिलं.