पिशवीतली दोन वजनं

आमचा धंदा वजनकाटे दुरुस्त करण्याचा. नवे काटेही विकतो, पण पोट भरतं ते दुरुस्ती आणि कॅलिब्रेशनवर, म्हणजे काटा प्रमाणित वजनांशी जुळवून देण्यावर. दोघांनी सुरुवात केली, आज सात जण आहोत. १९ वर्षांत याहून मोठं होता आलं असतं. का झालो नाही, हेही मला बऱ्यापैकी ठाऊक आहे.

पहिल्याच वर्षी एक गिऱ्हाईक काटा घेऊन आलं. बिघाड काहीच नव्हता. "दहा किलोला शंभर ग्रॅम जास्त दाखवला पाहिजे, बस. तुमच्यासाठी दोन मिनिटांचं काम," म्हणाले. खरंच दोन मिनिटांचं होतं. कॅलिब्रेशन करताना इलेक्ट्रॉनिक काट्याला आपणच सांगतो की पारड्यावर आता दहा किलो आहेत. तेव्हा ९ किलो ९०० ग्रॅमच ठेवले, तर काटा बिचारा तेच खरं धरून चालतो.

मी नाही म्हटलं. बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (२५:१३) स्पष्ट बजावलंय की पिशवीत एक मोठं आणि एक लहान अशी दोन प्रकारची वजनं बाळगू नयेत. त्या काळी वजनं दगडाची असायची. मूळ हिब्रूत तिथे शब्दच 'दगड' असा आहे. घेताना मोठा दगड काढायचा, विकताना छोटा. माझ्या धंद्यावर इतकं नेमकं बोट ठेवणारं वचन दुसरं नाही. दुकानाचं भाडं थकलेलं असताना मी ते गिऱ्हाईक परत पाठवलं आणि दिवसभर मला फार बरं वाटत होतं. जरा जास्तच.

बाकीचे नियम हळूहळू बसत गेले. 'होय' म्हणजे होय, हे येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातलं वाक्य पाळायला सगळ्यात अवघड गेलं, कारण "उद्या नक्की" म्हटल्याशिवाय दुरुस्तीचं दुकान चालतच नाही असा आमचा समज होता. आता तीन दिवस लागणार असतील तर तीनच सांगतो. काही जण दुसरीकडे जातात, जाऊ देत. पगाराचंही तसंच: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं त्याच 'अनुवाद' पुस्तकात आहे. आमचे पगार महिन्याचे, त्यामुळे आम्ही एवढंच ठरवलं की येणी अडकली तरी आधी कामगारांचे पगार, मालकाचा शेवटी.

पुढची गोष्ट सांगायला मला आजही नको वाटतं.

काटा तपासताना वजन फक्त मधोमध ठेवून भागत नाही. चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावं लागतं, कारण एखादा कोपरा दगा देतो. एका गर्दीच्या दिवशी मी स्वतः ३० किलोच्या काट्याची ही कोपऱ्यांची तपासणी गाळली आणि प्रमाणपत्रावर सही केली. चार महिन्यांनी तो काटा दुसऱ्या कामासाठी परत आला. मागच्या उजव्या कोपऱ्यावर दहा किलोचं वजन ठेवलं तर ९.९६०. काटा माल खरेदी करणाऱ्याचा, म्हणजे दहा किलोमागे ४० ग्रॅम विकणाऱ्यांचे गेले.

मी जाऊन सांगितलं. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदाराने फसवलेल्यांना चौपट परत करण्याचं कबूल केलं होतं (लूक १९), पण निदान आपण कुणाला फसवलं हे त्याला ठाऊक असावं. इथे चार महिन्यांत कोण कोण माल घालून गेलं, कुणाचा माल त्या कोपऱ्यावर पडला, कसं शोधणार? व्यापाऱ्याने नोंदी काढल्या, नेहमीच्या विकणाऱ्यांचा फरक अंदाजाने धरला, तो आम्ही भरला. उरलेल्यांचं देणं राहिलं ते राहिलंच. निघताना तो म्हणाला, "चुका होतात हो. काटे तुमच्याकडेच येतील."

त्याच आठवड्यात आमच्याकडच्या सगळ्यात लहान कारागिराच्या हातून पाच किलोचं प्रमाणित वजन फरशीवर पडलं. कडेचा टवका उडाला, म्हणजे ते तपासणीच्या कामातून बाद. मी सगळ्यांसमोर त्याला बोललो आणि पगारातून पैसे कापले. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या १८ व्या अध्यायातला तो चाकर, ज्याला दहा हजार तालांतांचं, म्हणजे अफाट रकमेचं, कर्ज माफ झालं आणि त्याने बाहेर पडताच शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला, मला तोंडपाठ आहे. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, हेही मी इतरांना समजावून सांगत आलोय. तरी आठ दिवस डोक्यात प्रकाश पडला नाही. गिऱ्हाइकाला मी खऱ्या वजनाने मोजत होतो. माझ्या पिशवीतला दुसरा दगड घरच्या माणसांसाठी होता.

पैसे परत केले. बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. ते फार अवघडल्यासारखं झालं, कुणी वर बघेना. तो नुसता "बरं" म्हणाला आणि कामाला लागला.

संध्याकाळी शटर ओढताना तो थांबला. दोन महिन्यांपूर्वी दिलेल्या एका काट्याचे कोपरे त्याने तपासले नव्हते. ओरडा बसेल म्हणून गप्प होता. कुठल्या गिऱ्हाइकाचा, ते त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी आम्ही दोघं वजनांची पेटी घेऊन तिकडे गेलो.