तीस पॉइंटांची पाच वर्षे

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील माझ्या नोंदणीचे नूतनीकरण २०२५ मध्ये करावयाचे होते आणि त्यासाठी आधीच्या पाच वर्षांत तीस क्रेडिट पॉइंट, म्हणजे मान्यताप्राप्त व्याख्यानांच्या हजेरीबद्दल मिळणारे गुण, जमणे आवश्यक होते. डॉक्टरने पदवीनंतरही शिकत राहावे आणि दर पाच वर्षांत किमान तीस तास अशा शिक्षणाला द्यावेत, हे २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेतच लिहिलेले आहे. आपल्या राज्यात त्याची सांगड नूतनीकरणाशी घातलेली आहे. शहरातील डॉक्टरला हा आकडा फारसा जाणवत नाही, कारण तेथे दर आठवड्याला कोठे ना कोठे व्याख्यान असते. दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर, एका मासेमारी बंदरात दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारखीला मात्र तो चांगलाच जाणवतो.

आमच्याकडे हे पॉइंट मिळण्याची हक्काची जागा म्हणजे डॉक्टरांच्या संघटनेची स्थानिक शाखा आणि तिच्या रात्रीच्या बैठका. शाखा महामार्गावरच्या शहरात, म्हणजे मला एका बाजूने दीड तासाची वाट. बैठक साडेआठला सुरू होते, कारण त्याआधी कोणाचीच ओपीडी संपत नाही. व्याख्यान, प्रश्न, मग जेवण, आणि घरी परतायला साडेबारा. आमच्या बंदरात माशांचा लिलाव संध्याकाळी होतो आणि तो आटोपला की खलाशी दवाखान्यात येतात. ताप, कापलेली बोटे, पाठीत भरलेली लचक, शिंगाळा माशाचा काटा लागून सुजलेला हात, असे सगळे त्याच वेळेला. बैठकीच्या दिवशी मी साडेसहाला उठू लागले की बाकावरची एखादी आजी हमखास म्हणायची, “डाक्टरीणबाय, आज पुन्हा शाळेत काय?” एवढा खटाटोप करून एका बैठकीचा मिळे एक पॉइंट.

पहिली दोन वर्षे तर हिशेबातच धरता येत नाहीत. कोरोनामुळे २०२० मध्ये बैठका बंद झाल्या, आणि ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दवाखान्याचे निम्मे कौल उडाले. पुढचे कित्येक आठवडे मी पॉइंटांचा नव्हे, ताडपत्रीचा विचार करत होते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणला महापूर आला आणि परिसरातील अनेक सहकाऱ्यांची उपकरणे, कागदपत्रे, औषधांचे साठे चिखलात गेले. त्या वर्षी शाखेची माणसे भेटली ती बहुतेक मदतीच्या कामातच. २०२१ च्या अखेरीस माझ्या खात्यावर दोन पॉइंट होते.

बैठका पुन्हा सुरू झाल्या तेव्हा त्यांचे स्वरूप जुनेच होते. एखादी औषध कंपनी हॉलचा आणि जेवणाचा खर्च करी, मोठ्या शहरातून एक सुपरस्पेशालिस्ट येई आणि आमच्यापैकी कोणाच्याही दवाखान्यात होऊ न शकणाऱ्या शस्त्रक्रियेची सत्तर स्लाइड दाखवी. वैद्यक परिषदेने नेमलेला निरीक्षक मागच्या रांगेत बसलेला असे, हजेरीपत्रकावर नाव, नोंदणी क्रमांक आणि सही होई, आणि नंतर सगळे पनीर बटर मसाल्याच्या रांगेत उभे राहत. (समुद्रापासून इतक्या जवळ राहणाऱ्या साठ माणसांनी दर महिन्याला पनीर का खावे, हा प्रश्न मी तीन वेळा लेखी विचारला आहे.) व्याख्याते विद्वान असत, यात शंका नाही. परंतु दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बसल्यावर आदल्या रात्रीचे काही हाताशी येते आहे, असे मला क्वचितच वाटले. मी पॉइंटसाठी जात होते आणि ते मान्य करण्यात मला संकोच नाही.

नोव्हेंबर २०२२ ची बैठक वेगळी निघाली, तीही अपघाताने. ठरलेल्या व्याख्यात्याची गाडी घाटात बंद पडली, म्हणून सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या आमच्याच एका फिजिशियन सरांना ऐनवेळी उभे करण्यात आले. त्यांच्याजवळ स्लाइड नव्हत्या. त्यांनी पिशवीतून तीन नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. एक कोरी काचेची टेस्ट ट्यूब, एक काचेचीच पण कपडे धुण्याच्या पावडरने धुऊन वाळवलेली, आणि एक प्लॅस्टिकची. शाखेच्या खजिनदारांना पुढे बोलावून त्यांचे सहा मिलिलिटर रक्त घेतले, प्रत्येक नळीत दोन-दोन मिलिलिटर सोडले, तिन्ही नळ्या स्टँडमध्ये उभ्या केल्या आणि सांगितले, “वीस मिनिटे कोणी हात लावायचा नाही. तोपर्यंत जेवणही नाही.”

सर्पदंशात विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडली आहे का, हे पाहण्याची ही खाटेजवळची चाचणी. घोणस आणि फुरसे यांच्या दंशात तिच्यावरच प्रतिविष द्यायचे की नाही, हा निर्णय अवलंबून असतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील सड्यांवर, कातळाच्या कपारीत, आंबा-काजूच्या बागांतील दगडी गडग्यांत फुरसे भरपूर. चाचणी सगळ्यांनी अभ्यासक्रमात वाचलेली होती. वीस मिनिटांनी सरांनी पहिली नळी हळूच आडवी केली. रक्ताचा गोळा तळाशी घट्ट राहिला. दुसरी आडवी केली आणि रक्त पाण्यासारखे ओघळत तोंडापर्यंत आले. तिसरीतही तेच झाले. सभागृहात कोणी बोलेना. खजिनदार तेवढे म्हणाले, “म्हणजे मला साप चावला आहे की नाही?” त्यावर हशा झाला, पण मी हसू शकले नाही.

एमबीबीएसनंतर बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षी मी कोकणातीलच एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. सड्यावर गवत कापताना फुरसे चावलेला एक तिशीतला माणूस आला. पायावर दातांच्या खुणा होत्या, सूज जवळजवळ नव्हती, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त नव्हते. मी चाचणी लावली. वीस मिनिटांनी रक्त पातळच होते. नियमाप्रमाणे प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून सुरू केल्या आणि दहाव्या मिनिटाला त्याच्या अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, श्वास घरघरू लागला, रक्तदाब खाली आला. प्रतिविष थांबवून मांडीत ॲड्रिनॅलिन दिले, पुन्हा दिले, आणि केंद्राच्या रुग्णवाहिकेत त्याच्या उशाशी बसून त्याला जिल्हा रुग्णालयात पोहोचवले. तो वाचला. तेथे पुन्हा केलेल्या चाचणीत रक्त व्यवस्थित गोठले, तेव्हा थोड्याशा प्रतिविषानेच काम झाले, अशी मी माझी समजूत घालून घेतली. आमच्या केंद्रात टेस्ट ट्यूब साबणाच्या पावडरने स्वच्छ घासून पुन्हा वापरल्या जात. तसे करायला परिचरांना मीच सांगितले होते, स्वच्छतेच्या उत्साहात. काचेच्या पृष्ठभागाशी संपर्क आला की रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते आणि साबणाचा अंश राहिला तर ती रोखली जाते. प्लॅस्टिकचा पृष्ठभाग ती मुळातच नीट सुरू करीत नाही. त्या माणसाच्या पायात विष बहुधा उतरलेच नव्हते. हे मला बारा वर्षांनी, खजिनदारांच्या रक्तावरून कळले.

जेवणाच्या वेळी मी ही हकिकत सरांना सांगितली. त्यांनी सांत्वन केले नाही. ताट हातात घेऊन ते एवढेच म्हणाले, “पुढच्या बैठकीत हे तुम्हीच उभे राहून सांगा.” मी सांगितले. माझ्यानंतर आणखी दोघे उठले आणि त्यांनी आपापल्या नळ्यांच्या हकिकती सांगितल्या.

तेथून आमच्या बैठकांना वळण लागले, असे म्हणता येईल. पुढच्या वर्षी शाखेने शैक्षणिक कार्यक्रमाची जबाबदारी माझ्यावर टाकली, आणि मुख्य व्याख्यानाआधी अर्धा तास सभासदांच्या स्वतःच्या रुग्णांसाठी राखून ठेवण्याचा ठराव मी मांडला. विरोध झाला, आपली चूक सर्वांसमोर कोण सांगणार, हा आक्षेप रास्तच होता. म्हणून दोन नियम केले. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही बोलायचे नाही, आणि बोलणाऱ्याने शेवटी आपण आता काय वेगळे करतो ते सांगायचे. पहिल्याच वेळी मी शिंगाळ्याचा काटा लागलेल्या खलाशाचा हात मांडला. वेदनाशामकांनी त्याची कळ थांबत नव्हती. त्यावर किनाऱ्यावर चाळीस वर्षे काढलेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांनी सांगितले, की शिंगाळा असो वा पाकट, विष प्रथिनाचे असते आणि उष्णतेने निकामी होते. सोसवेल इतक्या गरम, साधारण ४५ अंशांच्या पाण्यात हात तासभर बुडवून ठेवावा, मात्र पाणी दुसऱ्या, धड हाताने तपासून घ्यावे, नाहीतर बधिर झालेला हात भाजतो. काट्याचा तुकडा आत राहिला नाही ना यासाठी एक्स-रे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन हे ओघाने आलेच. हे माझ्या दवाखान्यातील प्रत्येक खलाशाला उपयोगी पडणारे ज्ञान होते आणि ते इतकी वर्षे माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसलेले होते.

असे ज्ञान आपल्याकडेच तयार होते, याचा दाखलाही दूरचा नाही. लाल विंचवाच्या दंशात हृदयावर होणारे परिणाम आणि त्यावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग यांवर महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जे काम केले, ते ग्रामीण रुग्णांच्या काटेकोर नोंदींतून उभे राहिले आणि १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ठरावाच्या वेळी मी हे सांगितले, तेव्हा विरोध बराच मवाळ झाला.

पैशांचा प्रश्न राहिला होता. कंपन्यांकडून डॉक्टरांनी भेटी आणि पाहुणचार घेण्यावर आचारसंहितेत २००९ पासून बंधने आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने औषध कंपन्यांसाठीची विपणन संहिता नव्याने जाहीर केली आणि कंपन्याही सावध झाल्या. आम्ही त्यानंतर जेवणाला माणशी चारशे रुपये वर्गणी ठरवली. पहिल्या महिन्यात उपस्थिती साठावरून बत्तीसवर आली. ज्यांना जेवणच हवे होते ते गळाले, असे मला म्हणता आले असते, पण ते खरे नाही. गळालेल्यांत लांबून एसटीने येणारे दोन तरुण डॉक्टरही होते, आणि त्यांच्यासाठी वर्गणी माफ करायला आम्हाला चार महिने लागले. पनीर मात्र गेले. आता एका सभासदांच्या घरून काळ्या वाटाण्याचे सांबारे, भात आणि सोलकढी येते, आणि मोसमात तळलेली सुरमई.

इतके सगळे होईतो माझ्या स्वतःच्या पॉइंटांकडे दुर्लक्ष झाले होते. जानेवारी २०२४ मध्ये माझ्या वहीप्रमाणे तेरा झाले होते. वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर लॉगिन करून पाहिले तर दहाच. तीन पॉइंट एका बाहेरगावच्या कॉन्फरन्सचे होते. आयोजकांनी हजेरीची यादी भरताना माझ्या नोंदणी क्रमांकातील दोन आकडे उलटे टाकले होते. सुदैवाने प्रमाणपत्र माझ्याजवळ होते. त्याची प्रत आणि नोंदणीचा दाखला जोडून मी आयोजकांना पत्र पाठवले, दोनदा फोन केला, आणि सात आठवड्यांनी त्यांनी दुरुस्त यादी पाठवली. ज्यांचे नूतनीकरण जवळ आले आहे त्यांनी प्रत्येक बैठकीनंतर महिन्याभरात आपल्या खात्यावर नोंद आली की नाही ते पाहावे. चार वर्षांपूर्वीच्या बैठकीच्या आयोजकांना शोधत फिरणे फार जिकिरीचे असते, कारण तोपर्यंत त्यांची कार्यकारिणी बदललेली असते आणि हजेरीपत्रक कोणाच्या तरी घरच्या माळ्यावर असते. उरलेले पॉइंट मी कोल्हापूर आणि पुण्याच्या कॉन्फरन्स करून आणि शाखेची एकही बैठक न चुकवता भरून काढले. अर्ज केला तेव्हा एकतीस होते.

एक गोष्ट मात्र अजून बदलायची होती. आमच्या बैठका रूढीप्रमाणे जूनमध्ये थांबतात आणि गणपतीनंतर सुरू होतात, कारण पावसात रात्री घाट उतरायला कोणी तयार नसते. परंतु लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य रोगाचा) ताप नेमका याच महिन्यांत येतो, चिखलात लावणी करणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि कावीळ दिसेपर्यंत कधी कधी मूत्रपिंडे गेलेली असतात. त्यावरचे व्याख्यान आम्ही वर्षानुवर्षे ऑक्टोबरमध्ये ऐकत होतो. म्हणून या वर्षी ती बैठक मेच्या अखेरीस ठेवली. आंब्याच्या पेट्यांची आणि लग्नांची घाई असूनही एकोणीस जण आले, आणि जोखीम असलेल्यांना आठवड्यातून एकदा डॉक्सिसायक्लिनच्या २०० मिलिग्रॅमची मात्रा द्यावी का, कोणाला द्यावी, गर्भवतींचे काय, यावर बोलणे इतके लांबले की सुरमई गार झाली. निघताना एका नव्या वैद्यकीय अधिकारी मुलीने मला बाजूला घेऊन विचारले, की त्यांच्या केंद्रातील टेस्ट ट्यूब कशाने धुतात हे तिने कोणाला विचारायचे. मी गाडीत ठेवलेला कोऱ्या काचेच्या नळ्यांचा डबा तिला दिला.