थर्लसला जाल तर रेल्वेनेच जा

डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनातून कॉर्ककडे जाणाऱ्या गाडीत बसलं की साधारण सव्वा तासात थर्लस येतं. आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीतलं (म्हणजे जिल्ह्यातलं) छोटं गाव. एका दिवसात आरामात होतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. माझ्या ऑफिसातला टिपरेरीचा सहकारी दोन वर्षं मागे लागला होता, "हर्लिंग बघायचं तर थर्लसलाच." हर्लिंग म्हणजे काठीनं चेंडू मारायचा आयरिश खेळ. शेवटी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको डबा बांधून निघालो. रेल्वेनं गेलो ते गाडी चालवायचा कंटाळा म्हणून. पण त्या गावच्या हर्लिंग क्लबची निम्मी गोष्ट रेल्वेशीच बांधलेली आहे, हे तिथं गेल्यावर कळलं.

स्टेशनवरून चालत लिबर्टी स्क्वेअर गाठा. चौकातच हेज हॉटेल आहे. १ नोव्हेंबर १८८४ रोजी इथं गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची, म्हणजे हर्लिंगसारखे आयरिश खेळ चालवणाऱ्या संस्थेची, स्थापना झाली. सभेला हजर म्हणून नावं सांगतात ती फक्त सात जणांची. मायकेल क्युसॅक हा शिक्षक, मॉरिस डॅविन हा नावाजलेला धावपटू आणि गोळाफेकपटू, एक पाथरवट, एक वकील, दोन पत्रकार. आणि सातवा चक्क ब्रिटिशांच्या पोलीस दलातला अधिकारी! पुढे याच संस्थेनं ब्रिटिश पोलीस आणि सैनिकांना सदस्य व्हायला बंदी घातली आणि ती २००१ पर्यंत टिकली. हॉटेलसमोर फोटो काढा नि पुढे चला, तिथं फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. चौकातला पुतळा आर्चबिशप क्रोक यांचा. संस्थेचे पहिले आश्रयदाते तेच, आणि डब्लिनच्या क्रोक पार्क या संस्थेच्या मोठ्या स्टेडियमला नावही त्यांचंच.

आता क्लबकडे. थर्लस सार्सफील्ड्स, रंग निळा-पांढरा. आपली सुरुवात तो १८८४ सालीच धरतो. तेव्हा काउंटीची स्पर्धा जिंकणारा क्लबच काउंटीच्या नावानं अखिल-आयर्लंड स्पर्धेत उतरायचा. त्यामुळे १८८७ च्या पहिल्यावहिल्या स्पर्धेत टिपरेरी म्हणजे थर्लसचे गडी. अंतिम सामना लांबत लांबत १ एप्रिल १८८८ ला बर नावाच्या गावी झाला. प्रतिस्पर्धी गॉलवेचा मीलिक. एका बाजूला एकवीस जण, हातात काठ्या. थर्लस जिंकलं, पण मला मजा वाटली ती निघण्याआधीच्या भांडणाची. प्रवासखर्च कोण देणार यावरून वाद झाला आणि कर्णधारासकट काही खेळाडू गेलेच नाहीत. मग जिम स्टेपलटन कर्णधार झाला आणि इतिहासात नाव त्याचं लागलं. गाडीभाड्यावरून रुसलेले लोक आपल्याकडच्या प्रत्येक मंडळाला ठाऊक आहेत, त्यामुळे हे ऐकताना अगदी घरच्यासारखं वाटलं.

दुसरं नाव टॉम सेंपलचं. १९०६ आणि १९०८ च्या अखिल-आयर्लंड विजेत्या संघांचा हा कर्णधार. पोटापाण्याला काय करायचा? रेल्वेत गार्ड! खेळाचे पैसे तेव्हाही मिळत नव्हते आणि आजही मिळत नाहीत. ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला गडी सोमवारी सकाळी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. १९१० मध्ये गावानं मैदानाची जागा घेतली आणि १९७१ मध्ये त्याला सेंपल स्टेडियम हे नाव मिळालं. क्षमता पंचेचाळीस हजारांच्या वर, म्हणजे गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. संस्थेच्या शताब्दीच्या वर्षी, १९८४ ला, अखिल-आयर्लंड हर्लिंग फायनल मुद्दाम इथं खेळवली. कॉर्कनं ऑफलीला हरवलं.

आम्ही पाहिला तो काउंटी स्पर्धेतला क्लबांचा सामना. हाच बघा, तिकीट मोठ्या सामन्यांपेक्षा स्वस्त आणि जागा हवी तिथली. तिकीट फोनवर आधीच घेऊन ठेवा, गेटवर रोख चालेल या भरवशावर राहू नका. किलिनन एंड, म्हणजे मैदानाच्या एका टोकाची उभं राहायची जागा, तिला छप्पर नाही. आम्ही हौसेनं तिथं उभे राहिलो आणि विसाव्या मिनिटाला पार भिजलो, तर तुम्ही स्टँडमध्येच बसा. दोन्ही बाजूंचे समर्थक एकत्रच बसतात, शेजारचा कोणत्या गावचा हे तो ओरडला की समजतं.

नियम समजायला पाच मिनिटं पुरतात. खांबांमधून आडव्या दांड्यावरून चेंडू गेला तर एक पॉइंट, खाली जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन. फळा लिहितो १-१४ असं, म्हणजे एक गोल चौदा पॉइंट, एकूण सतरा. चेंडू दिसेनासा झाला तर घाबरू नका, नवख्यांना तो पहिली दहा मिनिटं दिसतच नाही. बायकोचा निष्कर्ष: "विटीदांडूतली विटी सगळ्यांनी मिळून पळवायची." काठी ॲश झाडाच्या लाकडाची. त्या झाडांवर रोग पसरल्यामुळे आता बांबूच्याही निघाल्या आहेत.

निळा-पांढरा मफलर घातलेले एक आजोबा शेजारी होते. त्यांचा क्लब त्या दिवशी खेळतच नव्हता. मग आलात कशाला, विचारलं. "मग घरी बसून काय करू?" इथं क्लब निवडत नाहीत, ज्या पॅरिशमध्ये (चर्चच्या हद्दीत) जन्मलात तिथला तो तुमचा. सार्सफील्ड्सनं १९५५ ते १९५९ आणि पुन्हा १९६१ ते १९६५ सलग पाच-पाच वेळा काउंटीची स्पर्धा जिंकली, हे त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं. त्या संघातला जिमी डॉइल डोळ्यांनी पाहिला म्हणाले. सहा अखिल-आयर्लंड पदकं त्याची. आजोबांनी नाव घेताना टोपी काढली.

स्लीव्हनमन रोडवर लार ना पार्क्या हे संग्रहालय आहे, जुन्या काठ्या आणि जर्सी बघायला. रविवारवर अवलंबून राहू नका, आधी फोन करून वेळ विचारा. आम्ही विचारली नव्हती, दार बंद. शाकाहाऱ्यांना पबमध्ये सूप आणि ब्राउन ब्रेड मिळून जाईल, पण सामन्याच्या दिवशी गर्दी असते, म्हणून डबा घ्याच. आम्ही आमची थालीपीठं नदीकाठी खाल्ली. नदीचं नाव इंग्रजी स्पेलिंगवरून कळत नाही, पण उच्चार 'शूर'.

सामना संपल्यावर रमतगमत निघालो आणि परतीची गाडी डोळ्यांदेखत सुटली. रविवारी गाड्या कमी असतात, वेळापत्रक सकाळीच बघून ठेवा. दीड तास ओल्या बुटांनी फलाटावर बसून होतो.