तुम्ही विचारलंत म्हणून : उन्हाने माणसं मरतात, तर आकडा एवढासा कसा?

एप्रिल उजाडला की हा प्रश्न येतोच. कधी सभेत, कधी फोनवर, कधी चिडून. ‘हवामानबदलामुळे हजारोंचे बळी जाताहेत असं तुम्ही आरोग्यवाले सांगता आणि सरकारी यादीत आमच्या जिल्ह्यात उष्माघाताचे दोन मृत्यू. म्हणजे तुम्ही फुगवून सांगता की सरकार लपवतं?’

लपवालपवी होत नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक ठिकाणी लपवण्याइतकं हातात काही आलेलंच नसतं. उष्माघात सिद्ध करणारी नोंद फार थोड्या वेळात हातातून जाते आणि ती घ्यायला तिथे कुणी नसतं.

उष्माघात म्हणजे शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या, म्हणजे 104 फॅरेनहाइटच्या वर आणि जोडीला मेंदूचा बिघाड: बरळणं, झटके, बेशुद्धी. दोन्ही हवं. यातलं ‘आतलं’ तापमान गुदद्वारातून घ्यावं लागतं. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो आणि कपाळावर रोखायचं यंत्र घामाने किंवा उन्हाने तापलेल्या कातडीवर काहीही सांगतं. आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. स्लॅबच्या कामावरचा मजूर दुपारी दोनला कोसळतो. सोबतचे लोक त्याला सावलीत ओढतात, अंगावर बादल्या ओततात. अगदी योग्य करतात, त्यानेच जीव वाचतो. मग टेंपो मिळेपर्यंत आणि दवाखान्यात पोचेपर्यंत पाऊण तास जातो. तिथे काखेत 101 भरतं. केसपेपरवर लिहिलं जातं ‘ताप, झटके, बेशुद्ध’. मेंदूज्वर, मलेरिया, विषबाधा अशा शंका येतात, तपासण्या सुरू होतात. माणूस रात्री गेला तर मृत्यूच्या कारणात येतं ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’.

हे शेवटचं दोन शब्दांचं कारण आपल्याकडच्या आरोग्याच्या आकडेवारीला लागलेली वाळवी आहे. हृदय आणि श्वास बंद पडणं ही मरण्याची रीत झाली, कारण नव्हे. मरणाऱ्या प्रत्येकाचं ते बंद पडतंच. मृत्यूचं कारण लिहायला डॉक्टरकडे छापील अर्ज असतो: रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना 4अ असतो. त्याच्या पहिल्या भागात तीन ओळी असतात: अ, ब, क. वरच्या ओळीत लगेचचं कारण आणि खाली खाली जात मूळ कारण. वरच्या मजुरासाठी त्या ओळी अशा भरायला हव्यात: (अ) बहुअवयव निकामी, (ब) उष्माघात, (क) कडक उन्हात श्रमाचं काम. मधुमेह, जुना किडनीचा आजार, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या हे दुसऱ्या भागात. असं लिहिलं तरच पुढे सांकेतिक क्रमांक देणारा कर्मचारी टी67.0 किंवा एक्स30 हे उष्णतेच्या मृत्यूचे क्रमांक टाकू शकतो. ‘ब’ आणि ‘क’च्या ओळी रिकाम्या राहिल्या की ऊन त्या मृत्यूतून कायमचं गळलं. आणि हा नमुना तरी किती जणांच्या वाट्याला येतो? 2020 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलं होतं.

मृतावस्थेतच आणलं तर आणखी अवघड. शवविच्छेदनात उष्माघाताची अशी एकमेव खूण सापडत नाही. शरीर उन्हात पडलेलं असेल तर ते मृत्यूनंतरही तापलेलंच राहतं आणि कुजतंही लवकर. त्यामुळे निदान होतं ते परिस्थितीवरून आणि बाकीची कारणं वगळून. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही तोच आहे. म्हणजे खरा पुरावा शवागारात नसून पोलिसांच्या पंचनाम्यात असतो. माणूस किती वाजता शेवटचा ठीक दिसला, उन्हात होता की पत्र्याच्या खोलीत, खिडकी उघडी होती का, पंखा चालू होता का, अंगावर कपडे किती, पाण्याचं भांडं जवळ होतं का, त्या वेळी खोलीचं तापमान काय. पंचनाम्यात या सात ओळी असल्या तर डॉक्टर ठामपणे लिहू शकतो. सहसा असतं ते ‘चक्कर येऊन पडल्याने मयत’.

आता ते परस्परांशी न जुळणारे सरकारी आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 साठी उष्माघाताचे 730 मृत्यू दाखवले. तो आकडा पोलिसांच्या अपघाती मृत्यूंच्या नोंदींतून येतो. आरोग्य खात्याचा आकडा रुग्णालयांतून येतो. जाळी वेगळी, मासे वेगळे; दोन्हींची बेरीजही करता येत नाही, कारण काही मृत्यू दोन्हीकडे असतात. 2024च्या उन्हाळ्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आरोग्य खात्याकडे उष्माघाताचे चाळीस हजारांहून जास्त संशयित रुग्ण होते आणि मृत्यू दीडशेच्या आत. हे गुणोत्तर जरा थांबून पाहा. हजारात चार मृत्यूसुद्धा नाहीत. खरा उष्माघात इतका सौम्य आजार नाही; उपचार मिळूनही शंभरात दहापेक्षा जास्त दगावणं त्यात नवल नाही. म्हणजे एक तर त्या चाळीस हजारांत बहुतेकांना नुसता उन्हाचा थकवा होता किंवा मृत्यू मोजले गेले नाहीत. माझ्या मते दोन्ही. रुग्णांचा रकाना सैल आहे आणि मृत्यूचा रकाना घट्ट.

पण हे सगळं नीट केलं तरी आकडा लहानच राहील. कारण उन्हाने मरणारे बहुतेक लोक उष्माघाताने मरतच नाहीत. उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळतं, हृदयाला जास्त पंप करावं लागतं. घामाने पाणी गेलं की रक्त दाटतं, किडनीवर ताण येतो. ज्याचं हृदय आधीच कसंबसं चाललंय, तो सत्तरीतला माणूस हृदयविकाराच्या झटक्याने जातो आणि प्रमाणपत्रावर हृदयविकाराचा झटका लिहिणं चूकही नसतं. त्यात रात्रीही पारा उतरला नाही की शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या, मनोविकाराची काही औषधं घाम किंवा हृदयाचा वेग अडवतात. ती घेणारे लोक उन्हाळ्यात जास्त धोक्यात असतात.

म्हणून एकेका मृत्यूचं कारण शोधण्यापेक्षा सगळे मृत्यू मोजायचे आणि नेहमीपेक्षा किती जास्त झाले ते बघायचं. अहमदाबादेत 21 मे 2010 रोजी पारा 46.8 वर गेला होता. त्या मे महिन्यात शहरात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू जास्त झाले, म्हणजे 43 टक्के वाढ. हे गणित पुढे आलं म्हणून 2013 साली तिथे देशातल्या शहरांमधला पहिला उष्णता कृती आराखडा आला. मुंबई आणि पुण्यासह दहा शहरांच्या 2008 ते 2019च्या नोंदींवरचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अति उष्ण अशा एका दिवसाने रोजचे मृत्यू सुमारे 12 टक्क्यांनी वाढतात आणि सलग पाच दिवस तापले तर सुमारे 33 टक्क्यांनी, असं त्यात दिसलं. हा वाद आपलाच आहे असंही नाही. 1995च्या जुलैत शिकागोत तिथले महापौर रिचर्ड डॅली यांनी शवचिकित्सा अधिकाऱ्याच्या उष्णताबळींच्या आकड्यावर जाहीर शंका घेतली होती. नंतर त्या आठवड्यातले जादा मृत्यू मोजले तेव्हा ते 739 निघाले, अधिकाऱ्याच्या आकड्याहूनही जास्त.

हे गणित कुठलीही महापालिका एका संगणकावर करू शकते. जन्म-मृत्यू निबंधकाकडून रोजच्या मृत्यूंची संख्या घ्यायची. तारीख मृत्यूची, नोंदणीची नव्हे. नोंदणीला 21 दिवसांची मुभा असते, त्यामुळे नोंदणीची तारीख धरली तर मेची लाट जूनमध्ये दिसते. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. मग मागच्या पाच वर्षांतले तेच दिवस घेऊन सरासरी काढायची. 2020 आणि 2021 वगळायची, नाहीतर कोविडमुळे सरासरी फुगून उन्हाचे बळी तिच्यात बुडतात. बाहेरगावाहून मोठ्या रुग्णालयात आणलेले रुग्ण राहण्याच्या पत्त्यावरून वेगळे काढायचे. लाटेच्या दिवसांना पुढचे तीन दिवस जोडायचे, कारण उन्हाचा फटका तितका लांबतो.

समजा, शहरात मे महिन्यात रोज 60 मृत्यू होतात. पाच दिवसांची लाट अधिक तीन दिवस, म्हणजे 480 अपेक्षित. झाले 560. नुसत्या योगायोगाने 20-25 इकडेतिकडे होतात, 80 होत नाहीत. हेच रोज तीन मृत्यू होणाऱ्या तालुक्याला लावलंत तर 24 अपेक्षित, झाले 28, आणि त्यावरून काहीही म्हणता येत नाही. तालुक्याचे आकडे जिल्ह्यात मिळवल्याशिवाय बोलू नये. ‘ते म्हातारे तसेही जाणारच होते’ हा आक्षेपही याच तक्त्यात तपासता येतो: तसं असेल तर लाटेनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मृत्यू सरासरीच्या खाली जायला हवेत. अहमदाबादच्या अख्ख्या महिन्याची बेरीजच इतकी वर होती की ती नुसत्या तारखांच्या उलटापालटीने निघणार नाही.

हवामानबदलाशी याचा संबंध लावताना मात्र जपून. अमुक माणूस हवामानबदलाने मेला असं कुठलाही तक्ता सांगत नाही. सांगता येते ती शक्यता. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला आलेल्यांपैकी 14 जणांचा जीव गेला. त्या महिन्यातल्या भारत-बांगलादेशच्या दमट उष्णतेचा अभ्यास सांगतो की अशी लाट येण्याची शक्यता माणसाने वाढवलेल्या तापमानामुळे किमान 30 पट झाली आहे. पण उघड्यावर तासन्‌तास बसवणं हा निर्णय हवामानाचा नव्हता. त्या दिवशी आसपासच्या हवामान केंद्रांवर पाऱ्याने चाळिशीही गाठलेली नव्हती. हवामान खात्याच्या उष्णतेच्या लाटेच्या निकषात सपाट प्रदेशाला 40 आणि किनाऱ्याला 37 ही पायरी आहे, वर सरासरीपेक्षा साडेचार अंशांची वाढ हवी. कोकणच्या दमट हवेत घाम सुकत नाही, म्हणून 36-37 लाही माणूस कोसळतो. नुसता पारा पाहणारे आराखडे तिथे कुचकामी ठरतात. चंद्रपूरचा आराखडा नाव बदलून पनवेलला चालवता येत नाही.

धोरणाचा वाद अडलाय तो पैशावर. आपत्ती निवारण निधीच्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट आहे, उष्णतेची नव्हती. 2021-26 साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने यादी वाढवायची गरज नाही असं म्हटलं. राज्यांना निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तीसाठी वापरता येते. ती वाट धरून तामिळनाडूने ऑक्टोबर 2024 मध्ये उष्णतेची लाट राज्य आपत्ती ठरवली आणि मृताच्या कुटुंबाला चार लाख रुपये ठरवले. कुटुंबाला पैसे मिळावेत याबद्दल माझं दुमत नाही. पण ‘सिद्ध’ मृत्यूमागे चार लाख म्हटलं की सिद्ध न होण्यात प्रशासनाचे चार लाख वाचतात. मोजणारा आणि पैसे देणारा एकच असला की मोजमाप आक्रसतं. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चने 2023 मध्ये 37 उष्णता आराखडे तपासले. पैसा कुठून येणार याचा उल्लेख 11 मध्येच होता आणि कुणाला धोका जास्त याची पाहणी फक्त दोनांत.

माझा आग्रह आधी बर्फासाठी आहे. उष्माघातात रुग्णाला आधी थंड करायचं, मग पुढच्या रुग्णालयात न्यायचं. पहिल्या अर्ध्या तासात शरीर 39च्या खाली आणलं तर वाचण्याची शक्यता खूप वाढते. प्राथमिक आरोग्य केंद्राला लागतं ते इतकंच: गुदद्वारातला थर्मामीटर, जाड ताडपत्री, शंभर-दीडशे लिटर पाणी, बर्फाचा छोटा फ्रीझर आणि चार माणसं. ताडपत्रीच्या कडा उचलून धरायच्या, रुग्ण मध्ये, डोकं वर, अंगावर बर्फाचं पाणी घालून ते हलवत राहायचं; 38.5च्या आसपास थांबायचं, नाहीतर अंग गरजेपेक्षा गार पडतं. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयाने 2024 मध्ये टब आणि बर्फाचा खास कक्ष उभारला, पण टब नसला म्हणून अडत नाही. बर्फही नसेल तर नळाचं पाणी आणि जोराचा पंखा. लसीच्या फ्रीझरमधल्या आइसपॅकवर भिस्त ठेवू नका, ते लसीकरणाच्या दिवशी बाहेर असतात. पॅरासिटामॉल देऊ नका. हा जंतूंचा ताप नाही, त्याने उतरत नाही आणि भाजलेल्या यकृतावर बोजा पडतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आणि पाणी ओतण्याआधी अर्ध्या मिनिटात तापमान घेऊन वेळेसकट केसपेपरवर लिहा. मघाची हरवणारी नोंद ती हीच.

तुमच्या शहराचं गणित तुम्हालाच करायचं असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मार्च ते जून, मागची सात वर्षं, मृत्यूच्या तारखेनुसार रोजची संख्या, वयोगट, लिंग आणि राहण्याचं ठिकाण शहरातलं की बाहेरचं, एवढंच मागा. नावं मागितलीत की वैयक्तिक माहितीचं कलम पुढे करून अर्ज फेटाळतात. ‘उष्माघाताचे मृत्यू’ असं लिहू नका, उत्तर ‘निरंक’ येईल. ‘सर्व कारणांचे मृत्यू’ लिहा. आणि संगणकीय तक्त्याच्या रूपात हवं असं स्पष्ट नमूद करा, नाहीतर छापील पानांचा गठ्ठा हाती पडतो आणि पानामागे दोन रुपये वर जातात.